डाव्या दारावरचा ओरखडा

चकाचककाकांनी गाडीच्या मागच्या डाव्या दारावर नख टेकवलं आणि हळूच खाली ओढलं. नख अडकलं.

त्यांनी पुन्हा ओढून पाहिलं. पुन्हा अडकलं. पॉलिशच्या कामात या परीक्षेपुढे कुणाचं काही चालत नाही. नख सरकून गेलं तर ओरखडा घासून निघतो. नख अडकलं तर तो रंगाच्या आत उतरलेला असतो. हा उतरला होता. वीतभर लांब, दाराच्या मुठीखालून मागच्या चाकाकडे गेलेला, आणि त्याच्या कडेला कुठल्यातरी परक्या वस्तूचा लाल रंग चिकटलेला.

हा लाल रंग कुणाचा, हा प्रश्न काकांना अजिबात आवडला नाही. खांबाचा पांढरा, कठड्याचा पिवळा त्यांनी आजवर पुसला होता. लाल रंगाच्या सायकली असतात, स्कूटर असतात. त्यावर माणसं बसलेली असतात.

ते उठून अंगणातल्या नळापाशी गेले आणि दोन्ही बादल्या भरायला लावल्या. एक साबणाची, एक नुसत्या पाण्याची. मळलेला हातमोजा आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मगच साबणात घालायचा, नाहीतर धुळीचे कण गाडीवरच घासले जातात. काळजीच्या दिवशीही काकांच्या हातून हा क्रम चुकत नसे. आधी टप, मग काचा, मग दारं, आणि चाकं सगळ्यात शेवटी, वेगळ्या फडक्यानं. शेजारचे शिंपीमामा कुंपणावरून डोकवायचे आणि विचारायचे, "काय काका, आज गाडीला बघायला पाहुणे येणार आहेत का?" काका त्यांना साबणाचा फेस उडवून उत्तर द्यायचे.

गंमत अशी, की या काकांना गाडी चालवता येत नव्हती. तरुणपणी एकदा शिकायला बसले, पहिल्याच दिवशी फाटकाच्या खांबावर नेऊन घातली, आणि उतरले ते उतरलेच. गाडी चालवायची त्यांच्या बायकोनं. जन्मभर रुग्णालयात परिचारिका म्हणून राबल्यामुळे सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणे, आणि लाडात आले की काकाही. निवृत्तीनंतर सुद्धा सिस्टर गाडी काढून अंथरुणाला खिळलेल्या जुन्या पेशंटांकडे जात. कुणाची जखम बांध, कुणाला कुशीवर वळव, कुणाशी नुसतं भांड. घरी परतल्या की त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज असे ते कुठल्याही मेणानं येणारं नव्हतं. गाडी त्यांची आणि चकाकी काकांची, अशी या संसाराची वाटणी होती, आणि ती दोघांनाही मान्य होती.

मग मध्यंतरी डाव्या बाजूचा आरसा तुटला. मुलगी नेमकी त्याच दिवशी आली होती. तिनं लोंबणारा आरसा पाहिला, आईकडे पाहिलं आणि बापाला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबा, वय होतंय तिचं. यापुढे गाडीला कुठे लागलेलं दिसलं ना, तर किल्ली मी घेऊन जाणार. मग ती कितीही चिडू दे."

तेव्हापासून काका अंधार सरतो न सरतो तोच अंगणात उतरू लागले. ओरखडे येत होते, आणि सगळे डावीकडेच. काका आधी कडेनं चिकटपट्टी लावत, मग फडक्याच्या टोकावर मटारएवढं पॉलिश घेऊन सरळ रेषेत घासत. गोलगोल घासलं की उन्हात कोळ्याचं जाळं दिसतं. मेण चढवून, पुसून, बायको उठायच्या आत सगळं निस्तरलेलं असे. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांची हयात गेली होती. चूक दिसली की दुरुस्त करायची आणि लिहिणाऱ्याला पत्ताही लागू द्यायचा नाही, याचीच त्यांना सवय. बायकोला विचारून तिला खजील का करायचं? गल्ल्या अरुंद झाल्यात, लोक कसेही गाड्या लावतात, असं ते स्वतःला समजावत.

सिस्टरनी कधी ओरखड्याचा विषय काढला नाही. उलट अलीकडे त्यांना गाडीचं भारी कौतुक वाटू लागलं होतं. पूर्वी काकांच्या या छंदाकडे त्या ढुंकून बघत नसत. आता सकाळी चहा घेऊन थेट गाडीपाशी येत, डाव्या बाजूनं फेरी मारत, दारांवरून हात फिरवत आणि गप्प उभ्या राहत. काका मनातल्या मनात फुगत. इतक्या वर्षांनी का होईना, कदर झाली.

आणखी एक खूळ त्यांनी धरलं होतं. स्वयंपाक करताना त्या पाढे म्हणत. आताही ओट्यापाशी भांडी वाजली आणि पाठोपाठ आवाज आला.

"एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी..."

म्हणजे आज त्या लवकर उठल्या होत्या. काकांनी घाईघाईनं दार धुतलं, कोरडं केलं. रंगाची बारकी बाटली त्यांच्याजवळ होती, काडीनं रंग भरताही आला असता. पण तो वाळणार कधी आणि त्यावर पॉलिश होणार कधी? दुपारी मुलगी जेवायला येणार होती. त्यांनी मोठं पिवळं फडकं झटकलं आणि वाळत घातल्यासारखं दाराच्या काचेत अडकवून ओरखड्यावर सोडलं. मग तिथेच उभे राहिले. त्या लाल रंगाचं काय करायचं, हे काही फडक्यानं झाकलं जात नव्हतं.

सिस्टर दोन कप घेऊन बाहेर आल्या. नेहमीसारख्या डावीकडे वळल्या आणि फडक्यासमोर थांबल्या.

"अगं," काका म्हणाले. घसा खाकरून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "काल गाडी कुठे लागली का?"

सिस्टरच्या हातातला चहा बशीत सांडला.

"तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. "लागली का?"

"हे काय विचारणं झालं? गाडी तू चालवत होतीस."

"म्हणून तर विचारते." त्यांनी कप पायरीवर ठेवले. आवाज अगदी हळू झाला होता. "त्या पक्षाघातवाल्या गुरुजींच्या फाटकाला नवा लाल रंग दिलाय. वळवताना घासल्याचा आवाज आला. उतरून पाहिलं, तर दारावर हा एवढा ओरखडा. बोट लावून पाहिलं. घरी आल्यावर म्हटलं, सकाळी डोकं शांत असताना तुम्हाला सांगू. पण सकाळी काय, सकाळी तो नसणारच."

फाटक! काकांचा जीव भांड्यात पडला. कुणी माणूस नव्हता. आणि लगेच शेवटचं वाक्य त्यांना लागलं.

"नसणारच म्हणजे?"

"दर वेळी असंच होतं. मला आवाज येतो, मला ओरखडा दिसतो, आणि सकाळी येऊन बघते तर दार आरशासारखं. इथे हात फिरवते, काहीसुद्धा नाही." त्यांनी पदरानं हात पुसले, ते आधीच कोरडे होते. "आईचं असंच सुरू झालं होतं हो. नसलेलं दिसायचं तिला. शेवटी मला ओळखेना, बाई म्हणून हाक मारायची. म्हणून मी पाढे म्हणते. ज्या दिवशी एकोणतीसचा पाढा चुकेल त्या दिवशी तुम्हाला सांगायचं, असं ठरवलं होतं."

रोज पहाटे पायांना मुंग्या येईपर्यंत उकिडवं बसून आपण बायकोचं शहाणपण घासून काढत होतो, हे काकांच्या ध्यानात आलं. आणि वर तिच्या फेऱ्यांना कौतुक समजून बसलो होतो! स्वतःची इतकी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती.

त्यांनी फडकं ओढून काढलं.

सिस्टर पुढे झाल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या.

"दिसतोय," त्या म्हणाल्या. "पण मला तर दर वेळीच दिसतो."

काकांनी खिशातून पातळ प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत हात घालून पत्र्यावरून फिरवला की नुसत्या बोटांना न कळणारा वाळूचा कणही लागतो. धुतल्यावर ते रोज असंच तपासत. त्यांनी ती बायकोच्या हातावर चढवली आणि मनगट धरून हात दारावर ठेवला. हात गुळगुळीत रंगावरून सरकत गेला आणि खरखरला. मागे आला. पुन्हा खरखरला.

"आहे," सिस्टर म्हणाल्या.

"सगळे होते. एकूणएक. मी पुसत होतो, पहाटे उठून. पोरगी किल्ली नेईल म्हणून."

सिस्टरचा हात त्या वीतभर जागेत खालीवर फिरत राहिला. मग त्यांनी वळून नवऱ्याकडे असं पाहिलं, की काकांनी पायाशी ठेवलेली बादली उगाच थोडी बाजूला सरकवली.

"तुम्हाला ना," त्या म्हणाल्या, "त्या बादलीत बुडवून काढायला हवं."

"काढ."

"साबणाच्या."

"बरं."

मग सिस्टरच्या कपाळावर आठी आली. वॉर्डात एखाद्या पेशंटाचं काहीतरी बिनसल्याचा वास लागला की यायची तशी. "सगळे होते, तर सगळे डाव्याच बाजूला कसे?"

"तेच."

"ते स्टूल आणा. आणि ते फडकं."

त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी काकांना समोर, हातभर अंतरावर उभं केलं. "मी एकेक डोळा झाकून तुमच्या नाकाकडे बघणार. फडकं माझ्या उजव्या बाजूनं, लांबून, हळूहळू पुढे आणा."

काकांनी हात लांब केला. फडकं खांद्याच्या रेषेत येतं न येतं तोच त्या म्हणाल्या, "दिसलं. आता उजवा डोळा झाकते, डावीकडून आणा."

काकांनी फडकं खांद्याच्या रेषेत आणलं. मग गालापर्यंत. सिस्टर त्यांच्या नाकाकडे बघत शांत बसल्या होत्या. फडकं डोळ्याच्या कोपऱ्याशी आलं, तरी शांतच. अगदी नाकासमोर आल्यावर त्या म्हणाल्या, "आता."

नळ थेंब थेंब गळत होता.

"डोळे आहेत," सिस्टर म्हणाल्या. आणि मग त्या हसल्या, तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत, लग्नाच्या वेळी हसायच्या तशा. "अहो, डोळे आहेत! नुसते डोळे! काचबिंदू असणार, डाव्या डोळ्याची कोपऱ्यातून नजर गेलीय. पेशंट बघितलेत मी असे. थेंब घालायचे, गेली ती परत येत नाही, पण उरलेली टिकते." त्यांचे गाल ओले झाले होते. "डोकं ठीक आहे माझं. कळतंय ना तुम्हाला? डोकं शाबूत आहे."

काकांना कळत होतं. ही गाडी बायकोच्या हातून सुटली, हेही कळत होतं. त्यांनी उगाच फडक्याची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली.

"मग गुरुजींकडे कशी जाणार?" त्यांनी विचारलं.

"रिक्षा असतात. बस असते. तुम्हीच शिका आता." त्या डोळे पुसत म्हणाल्या. "खांब अजून तिथेच आहे."

चहा गार झाला होता तरी दोघांनी तो पायरीवर बसून प्यायला. ऊन दारावर आलं, आणि त्या चकचकीत पत्र्यावर ओरखडा लांबूनही उठून दिसायला लागला. काका जुन्या सवयीनं तिकडे बघत होते, आणि त्यांचा हात आपोआप पॉलिशच्या डबीकडे जाऊन परत येत होता.

मुलगी ठरल्यापेक्षा लवकरच आली. रस्त्यावर रिक्षा थांबल्याचा आवाज झाला, फाटकाची कडी वाजली. काका ताडकन उठले आणि फडकं पसरून दाराकडे निघाले.

सिस्टरनी मागून फडक्याचं टोक धरलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "दिसू दे तिला."

त्यांनी फडकं ओढून घेतलं आणि मांडीवर ठेवलं. गाडीची किल्ली त्यावर ठेवली. मुलगी फाटक उघडून आत येईपर्यंत त्या मोठ्यानं, अगदी शिंपीमामांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, एकोणतीसचा पाढा म्हणत होत्या.