पूजेत बसवलेलं पिस्तूल

मित्रांनो, मी एक जुनं पिस्तूल आहे. चीनशी युद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या नेमबाजी क्लबनं मला आणलं. कागदाच्या लक्ष्याला भोकं पाडणं हेच माझं काम. माझी घडण मोठ्या पंजाच्या माणसासाठी झालेली; मूठ जाड, चाप जड. अधिकारी कौतुकानं मला हाताळत.

१९७८ साली मला नीलानं उचललं. ती पॅकिंगमधली हंगामी कामगार. वडिलांचं काम सुटलेलं, घर तिच्या हजेरीवर चाललेलं. राज्याच्या संघात निवड झाली तर तिला कायम करणार होते. नाहीतर दसऱ्यानंतर मुदत संपणार होती.

नेम तिचा पक्का होता. पण स्पर्धेत लक्ष्य जेमतेम तीन सेकंद समोर येई. तेवढ्यात मला उचलून गोळी झाडायची. तिचं बोट चापावर नीट पोचत नसे, आणि ओढताना नळी हलायची.

"पिस्तुलानं पोरीला धरलंय, पोरीनं पिस्तुलाला न्हाई," टूलरूमचे मेस्त्री आबाजी म्हणायचे.

"हसा, आबाजी. दसऱ्यानंतर तुमच्याच दारात रिकामा डबा घेऊन बसेन."

अखेर क्लबच्या परवानगीनं फिटर किसननं मला खोललं. ओल्या मातीत तिच्या बोटांचे ठसे घेऊन शिसवाची बारीक मूठ कोरली. चाप हलका व्हावा म्हणून आतली स्प्रिंग काढून नरम स्प्रिंग बसवली. नीलानं मला उचलून रिकामाच चाप ओढला, तेव्हा नळी पहिल्यांदाच हलली नाही.

ती सकाळ खंडेनवमीची होती. टूलरूममध्ये लेथ पुसून ठेवलेले, हातोड्यांना झेंडूची फुलं लावलेली. आबाजींनी मलाही त्यांच्या रांगेत ठेवून कुंकू लावलं.

"नीलाताई, आधी मैदानावर नेऊन गोळ्या झाडून बघ," किसन म्हणाला. "स्प्रिंग नवी हाय."

"आबाजी, उचलू का?"

"कुंकू लागलं, पोरी. आता दसरा झाल्याबिगर हात लावायचा न्हाई. तुझं तू बघ."

ती माझ्यापाशी आली. मग तिनं हात जोडले. "राहू द्या, किसनभाऊ. या वेळी देवाला नाराज करून चालायचं नाही."

निवडीची स्पर्धा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होती. लक्ष्य वळलं, तिनं मला झटकन उचललं, चाप ओढला. टक्. गोळी सुटलीच नाही. नरम स्प्रिंगचा गोळीवरचा ठोका कमी पडत होता. पुढची सुटली, त्यानंतरची पुन्हा अडली. दर वेळी ती मला तितक्याच घाईनं उचलत होती. बोट घामानं निसटत होतं. शेवटी पंचांनी तिला थांबवलं.

निवड हुकली. कामाच्या शेवटच्या दिवशी ती मला परत द्यायला आली. नेहमीसारखी नळी पुसली.

"किसनभाऊ, जुनी स्प्रिंग टाकली का?"

"ठेवलीय."

"मग बसवा. मूठ मात्र राहू द्या. एखाद्या पोरीला होईल."

तिचा गेटपास जमा झाला. किसननं स्प्रिंग बसवली आणि मला मैदानावर नेऊन पाच गोळ्या झाडल्या. पाचही सुटल्या. ती अजून फाटकापाशीच होती. तिला ऐकू आल्या असणार.

त्यानंतर मला कोणी फारसं बाहेर काढलं नाही. मित्रांनो, आम्हाला हार घाला, कुंकू लावा, आम्हाला ते आवडतं. पण ज्याच्या भरवशावर कुणाचं पोट आहे, ते आधी एकदा चालवून बघा.