सोळा नंबरचा बिल्ला

बाबा गेले ते घरी, भर दुपारी, माझ्या हातून पाणी पिऊन. हे मी त्यांच्या टोळीच्या मुकादमकाकांना फोनवर पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, ठाऊक आहे गं, पण फळ्यावर ते अजून आतच आहेत.

पावसाळी गटारं सांभाळणाऱ्या त्या टोळीचा नियम साधा होता. खाली उतरणाऱ्यानं आपला पितळी बिल्ला फळ्यावरच्या खिळ्याला अडकवायचा. वर आल्यावर मुकादमानं तो त्याच्याच हातात द्यायचा, डोकी मोजायची, मगच झाकण लावायचं. बाबांनी एकतीस वर्षं हे पाळलं. शेवटच्या दिवशी मात्र छातीत कळ आली म्हणून तसेच घरी आले. त्यांचा सोळा नंबरचा बिल्ला खिळ्यालाच राहिला.

आता ते जुनं विटांचं गटार बाद झालं होतं. वरचा रस्ता खचत होता, पदपथाच्या फरश्या हलत्या दातांसारख्या झाल्या होत्या. आज काँक्रीट ओतून ते बुजवायचं होतं, आणि टोळीतला एकही माणूस पाइपाला हात लावेना. साहेब ओरडून दमले. माणूस आत असताना ओतायचं कसं, एवढंच सगळे म्हणत होते.

मी गेले.

"डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणारा माणूस," मुकादमकाका म्हणाले, "पण बिल्ला कधी विसरला नाही. तू हाक मार."

मला तो खुळेपणा वाटत होता. तरी गटाराच्या उघड्या तोंडाशी वाकले. "बाबा, चला वर," म्हटलं, जेवायला बोलवावं तसं.

खालून पहारीचे दोन ठोके आले. दोन म्हणजे येतोय. घरी न्हाणीघराच्या दारावरही ते आतून तसेच ठोकत.

कुणी न सांगता टोळी मागे सरली, वाट द्यायला. भिंतीतल्या लोखंडी पायऱ्या एकेक करून वाजू लागल्या. सतरा होत्या, मी मोजल्या. मग शांत. तोंडाशी कुणी नव्हतं. फक्त ओल्या विटांचा वास होता, बाबांच्या सदऱ्याला यायचा तो.

काकांनी बिल्ला माझ्या तळहातावर ठेवला. "ठेवून घेऊ नकोस. त्यांना दे."

घरी बाबांचं अंथरूण मी अजून उचललं नव्हतं. बिल्ला घेऊन सरळ निघून जावंसं वाटलं. मूठ मिटत आली होती. मग हात पुढे केला, बोटं उघडली. हात हलका झाला. खाली पडल्याचा आवाज आला नाही.

मुकादमकाकांनी सवयीनं डोकी मोजली. मग पुन्हा मोजली.

"सगळे वर आहेत," ते म्हणाले. "ओता."