कर्नल बार्लोचं कीर्तन

माझा नातू नोआ गुणी आहे, पण भाषणाला उभा राहिला की समोरचे पेंगतात. लंडनमधल्या इल्फर्डच्या एका छोट्या हॉलमध्ये त्याची दोन व्याख्यानं पडली. तिसरंही पडलं तर व्याख्यानमाला बंद, असं तिथल्या सेक्रेटरीबाईंनी गोड हसून सांगितलं. पोरगं आठवडाभर धड जेवलं नाही. मला राग आला, बाईंचाही आणि त्याचाही.

विषय कर्नल बार्लो. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन वकील. यादवी युद्धात गेला, डावा हात गमावून परतला, आणि ज्या शत्रूसैनिकानं त्याला गोळी घातली होती, त्याचंच वकीलपत्र घेतलं. पुढे निवडणूकही लढवली. असा माणूस हा पठ्ठ्या तारखांखाली गाडून टाकत होता.

"अरे, कीर्तन कर त्याचं," मी म्हटलं. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी ज्यू. माझे मामा मुंबईत मोशेचं, योसेफाचं आख्यान मराठीतून लावायचे. गोष्ट ऐन अडचणीत आली की ते गप्प व्हायचे, आणि मागे उभे असलेले आम्ही ध्रुपद उचलायचो. "तसाच थांब. मी पहिल्या रांगेत आहे."

"आजी, प्लीज, दॅट्स सो एम्बॅरसिंग. तू फक्त बस."

रविवारी दुपारी तीसेक म्हातारेकोतारे जमले. नोआ बरा चालला होता. कोर्टात कर्नल उभा राहिला, समोर तो सैनिक... आणि नोआ थांबला. वा, काय जागा साधली! मी टाळ्यांवर आवाज लावला, "मग कर्नल काय करी? हो, काय करी?"

हॉल दचकला. नोआ कानापर्यंत लाल. पण शेजारच्या गोऱ्या आजोबांनी ताल धरला, मागून दोन बायकांनी ओळ उचलली, वाकडीतिकडी का होईना. नोआ खुदकन हसला आणि कागद खाली ठेवून असा सुटला, की सैनिक निर्दोष ठरला तेव्हा टाळ्या पडल्या. निवडणुकीपाशी त्यानं नुसता हात वर केला आणि अख्खा हॉल मराठीत गायला लागला. सेक्रेटरीबाई सगळ्यांत मोठ्यानं. आनंदानं मला रडूच आलं. निघताना बाईंनी पुढच्या महिन्याची तारीख दिली.

बसमध्ये नोआ म्हणाला, "आजी, खरं सांगू? मी पॉज नव्हता घेतला. माझा ब्रेन टोटली ब्लँक झाला होता."

मी हसून हसून बेजार. "मग पुढच्या महिन्यातही असाच विसर," म्हटलं. "मी येतेय."