तुलनेचं शेत

आमच्या शेतात एकही झाड नाही. आम्ही आळशी आहोत म्हणून नाही. झाड लावायचं नाही असा करारच आहे. आठ वर्षांपूर्वी तो माझ्या नणंदेनं आणला. ती शेतातली झाडं, पाखरं आणि किडे यांचा अभ्यास करते. तिच्या संस्थेनं आजूबाजूच्या वीस शेतांत पिकाच्या ओळींमधून झाडं लावली. त्यांनी काही फरक पडतो का, हे कळायला बिनझाडांची शेतंही हवीत ना! "तुलनेसाठी गं, वहिनी," ती म्हणाली. शेत कागदावर यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. बहीण मागतेय म्हटल्यावर यांनी डोळे मिटून सही केली.

झाड लावायचं नाही. आपोआप उगवलं तर उपटायचं. बांधावर झुडूपसुद्धा नको. एकदा मी चार खांब रोवून वर कापड बांधलं, तर बाईसाहेबांनी ते उतरवायला लावलं. खांबावर पाखरं येऊन बसतात म्हणे, मोजणी बिघडते. म्हणजे आमच्याकडे पाखरानं टेकायचीही सोय नाही.

दर महिन्याला ती येते आणि जमिनीत काठापर्यंत पुरलेले प्लास्टिकचे पेले बघते. पेल्यात साबणाचं पाणी असतं. किडा आपल्या नादात चालत येतो, आत पडतो आणि मग भिंतीवर पाय मारत बसतो. कोण किती पडले ते ती वहीत लिहून घेते. मी त्या पेल्यांत डोकावणं कधीच सोडलं. मला आमच्या घराची आठवण होते.

कारण दोन वर्षांपूर्वी यांच्या कातडीचं दुखणं निघालं. डॉक्टरीणबाईंनी ऊन बंद केलं. "शेतात जा, पण सावलीत बसा," म्हणाल्या. सावली आणायची कुठून? ज्या माणसाचा पाय दिवसा घरात ठरत नव्हता, तो पुढच्या खोलीत पडदा ओढून बसायला लागला. कोबी कसा धरलाय, अळी किती पडलीय, हे मी येऊन सांगायचं आणि यांनी ऐकायचं. मी अळी निम्मीच सांगते. खरा आकडा सांगितला की हे चपला शोधायला लागतात.

पण माझ्याकडे एक झाड होतं. कराराच्या तिसऱ्या वर्षी पाण्याच्या नळापाशी तुतीचं रोप उगवलं होतं. कुठल्यातरी पाखराची करणी. नियमाप्रमाणे मी ते उपटलं, पण फेकवेना. मागच्या फरशीच्या अंगणात रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलं. मग बादलीत हलवलं, मग अर्ध्या कापलेल्या पत्र्याच्या ड्रममध्ये. आता ते माझ्यापेक्षा हातभर उंच झालं होतं. करार संपायला दोन महिने उरले होते आणि यांनी जागाही ठरवून टाकली होती: नळाजवळ तुती, तुतीखाली खुर्ची. "तिथून दोन्ही वाफे दिसतात," रोज एकदा तरी म्हणायचे. दुसरं काही मागणंच नव्हतं त्यांचं.

परवा नणंद मुक्कामाला आली. जेवता जेवता म्हणाली, "वहिनी, आनंदाची बातमी आहे." पण माझ्याकडे बघत नव्हती.

"अभ्यासाला पाच वर्षं मुदतवाढ मिळाली."

"मिळू दे की. आमचा करार तर संपतोय."

"तुलनेची सात शेतं होती. सहा जणांनी मधेच झाडं लावून टाकली. तुमचं एकच उरलंय. तुम्ही सोडलंत तर अभ्यास बंद. आणि माझी नोकरी पण."

तिनं सहीसाठी नव्या कराराचा कागद टेबलावर ठेवला. यांनी माझ्याकडे बघितलं, मी भाजीकडे. म्हटलं, "आठ वर्षं पेले उपसलेस. कळलं काय, ते तरी सांग."

तिचा चेहरा खुलला. झाडं असलेल्या शेतांत पाखरं तिप्पट, कोळी आणि मधमाश्या भरपूर, अळी निम्मी, जमिनीत ओल टिकते. सांगता सांगता जेवायचंही विसरली.

"हे कधी कळलं?"

ती थांबली. "तसं बघितलं तर... तिसऱ्या वर्षी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारची पाखरं मलाही दिसत होती. दर वर्षी मी हिला विचारायची, आणि ही म्हणायची, अजून ठामपणे सांगता येत नाही. आणि मी विश्वास ठेवायची! "पाच वर्षं मी भर उन्हात अळ्या वेचत होते! बोलली का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू झाड लावलं असतंस, वहिनी."

ती रडवेली झाली होती, पण खोटं बोलली नाही. म्हणूनच जास्त लागलं. "ही सही मी होऊ देणार नाही," मी म्हटलं.

यांनी उठून हात धुतले, नीट पुसले आणि कागद पुढे ओढला. "पेन दे गं, धाकटे."

"अहो!"

"तिचं सगळं आयुष्य आहे यात."

"आणि तुमचं?"

"माझं काय," हे म्हणाले, "मी आता आतच बसणार."

तक्रार म्हणून नाही, भाजीत मीठ बरोबर आहे म्हणावं तसं म्हणाले. सही केली आणि पडद्यामागे जाऊन बसले. मी भांडी आवरली. नणंदेनं कागद उचलला नाही. तो टेबलावर तांब्याखाली तसाच राहिला.

सकाळी उजाडताच मी कुदळ घेऊन शेतात गेले आणि नळापाशी गुडघाभर खड्डा खणला. सही झाली होती, मला माहीत होतं. कोण येऊन जाब विचारतं ते बघून घेऊ, एवढंच डोक्यात होतं. झाड आणायला घरी परतले, तर नणंद अंगणात उकिडवी बसून पत्र्याच्या कात्रीनं ड्रम कापत होती.

"हे काय करतेस?"

"बघ ना." तिनं पत्रा उलगडला. आत माती दिसतच नव्हती. बोटाएवढी जाड मुळं एकमेकांवर गोल गोल गुंडाळलेली, अगदी ड्रमच्या आकाराची. "फार दिवस कोंडलंय गं हे. असंच लावलं तर मुळं तशीच गोल फिरत राहतात. बाहेर माती आहे हे त्यांना कळतच नाही."

"मग?"

तिनं सुरी घेतली आणि चारही बाजूंनी मुळं वरपासून खालपर्यंत चिरली. मला बघवेना.

"आणि तो कागद?"

"त्यावर दादाची सही आहे. माझी व्हायची होती. नाही केली."

"नोकरी?"

"बघू," ती म्हणाली आणि नाक पुसलं. मातीचा पट्टा गालभर उमटला. मला तिचा राग आला होता, तो गेला नव्हता. तरी पदरानं तिचा गाल मीच पुसला.

ऊन चढायच्या आत दोघींनी हातगाडीवरून तुती शेतात नेली. लांब बाह्यांचा सदरा आणि टोपी घालून हेही मागोमाग आले. दोन वर्षांनी. खड्ड्यात पहिलं पाणी यांनी घातलं आणि मग वाकून एक कोबी उलटा करून बघितला. "अळी तू सांगतेस त्याच्या दुप्पट आहे," म्हणाले. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

नणंदेनं वही उघडली आणि झाडांच्या रकान्यात आठ वर्षांच्या शून्यांखाली एक लिहिला.

"जगेल का गं?" यांनी विचारलं.

"आत्ताच नाही सांगता येणार, दादा. पाच वर्षं बघावं लागेल."

"बघ की," मी म्हटलं. "पण या वेळी तिसऱ्या वर्षी कळलं, तर तिसऱ्याच वर्षी सांग."