मास्टरची सुई

मला माझ्या काकाची शिसारी आली ती एका मंगळवारी, भर दुपारी, दुकानाच्या पायरीवर. तोवर मी त्याला गुरू मानत होतो. मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही, ते पुढे कळेलच.

आमचा धंदा लाइट मीटर दुरुस्तीचा. फोटो काढणारे लोक तळहाताएवढं ते यंत्र उजेडात धरतात आणि कॅमेऱ्याचं भोक किती उघडायचं ते त्याची सुई सांगते. सुई चुकली की फोटो काळा, नाहीतर पांढराफटक. आम्ही मीटर खोलतो, गंज खरवडतो, सुई मोकळी करतो आणि शेवटी मास्टरला लावतो. मास्टर म्हणजे काकाचा स्वतःचा जुना मीटर. एका पेटीत बल्ब, त्यापुढे दुधी काच आणि काचेला टेकवून मास्टर कायमचा स्क्रूनं आवळलेला. मास्टर बारा दाखवतो. गिऱ्हाइकाच्या मीटरनंही शेजारी बसून बाराच दाखवायचे. नाही दाखवले तर स्क्रू फिरवून मीटरचा कान पिळायचा. मास्टरला हात फक्त काकाचा, एवढं त्याचं सोवळं. काम संपलं की आधी मास्टरवर काळं फडकं, मगच बल्ब बंद.

संग्रहालयात मूर्तींचे फोटो काढणारी ताई त्या दिवशी चौथ्यांदा आली. मीटर टेबलावर आपटलाच तिनं.

"तिसरा रोल काळा. साहेब म्हणाले, उद्याचाही काळा आला तर परवापासून येऊ नका."

काकानं मानही वर केली नाही. "ताई, तीनदा मास्टरला लावून दिलाय. सुताचा फरक नाही. आता नाचता येईना..."

"पुढचं मला येतं."

मागच्या खेपेला मीच तिला म्हणालो होतो, "तुमचा हात हलत असेल." हात हलला तर फोटो पुसट होतो, काळा होत नाही. हे मला ठाऊक होतं. तरी म्हणालो. काका म्हणायचा, म्हणून मीही.

तिनं पिशवीतून फिल्मची डबी काढली. "यावर छापलंय. भर उन्हात भोक सोळावर. या बाहेर, दाखवते."

पायरीवर ऊन रणरणत होतं. तिनं मीटर धरला. सोळा यायला हवे होते. सुई बत्तिसावर. यात आकडा जितका मोठा तितकं भोक लहान, म्हणजे हव्या तेवढ्या उजेडाचा चौथा हिस्साच आत जाणार. मूर्ती काळ्या नाही येणार तर काय?

मी आत गेलो आणि मास्टरचे स्क्रू काढायला लागलो.

"हात तोडीन!" काका ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला ओरडू दिलं.

उन्हात मास्टरनं बारा दाखवले. टेबलाच्या खणात ढकलून फटीतून पाहिलं. बारा. मुठीत झाकला, बोट किंचित सरकवून पाहिलं. बारा. मेलेल्या माणसाच्या घड्याळासारखा तो बारावर बसला होता आणि मी त्याला विचारून शेकडो मीटर लावून दिले होते.

पुन्हा पायरीवर येऊन मागचं झाकण उघडलं. सुईच्या बुडाशी लाखेचा एक थेंब, नीट, कारागिराच्या हातानं सोडलेला. थेंबात एक आखूड, काळा केस अडकलेला. काकाच्या मिशीचा. त्याची मिशी पांढरी होऊन दहा वर्षं झाली.

मागोमाग आलेल्या काकापुढे मी उघडा मास्टर धरला.

"उजेड ओळखणारा सेल मेला होता आतला," काका म्हणाला. आवाजात लाज नव्हती, वैताग होता. "दुसरा मिळेना. बल्ब तोच, काच तीच, मग आकडाही तोच ना? थांबवली सुई. काय आभाळ कोसळलं?"

मी पेटीतला बल्ब काढून आणला आणि त्याच्यापुढे धरला. आतून काजळी धरलेली, चुलीवरच्या पातेल्यासारखी. बल्ब दर वर्षी मंद होत गेला आणि आम्ही दर वर्षी त्याच्याकडून बाराच वदवून घेत राहिलो. मंद उजेडालाच बारा म्हणायला शिकलेला मीटर खऱ्या उन्हाला बत्तीस म्हणणारच.

"एवढ्या वर्षांत कुणाची तक्रार आली?"

"आल्या. आपण त्यांना हात हलतो म्हणून सांगितलं."

"खाल्ल्या घरचे वासे मोजतोस?"

"वासे नाही, काका. उजेड. तेवढंच शिकवलंत तुम्ही."

ताईचा मीटर मी पायरीवर बसूनच लावला. उन्हात सोळा येईपर्यंत स्क्रू फिरवला, मग सावलीत आणि खोलीत शेजारच्या स्टुडिओतून आणलेल्या, आमचा हात न लागलेल्या मीटरशी ताडून पाहिला. जुळला.

ती पायरीवरून हलली नाही. "उद्याचा रोल निघेल. पण साहेबांच्या लेखी मी तीन रोल वाया घालवलेली बाईच ना? लिहून द्या."

मी दुकानाचा छापील कागद ओढला. काकानं त्यावर पंजा ठेवला. "तोंडी सांग. कागदावर नको." मी त्याचं बोट न् बोट उचलून बाजूला केलं. गार होती बोटं, ओली.

लिहिलं: मीटर तीनही वेळा आम्ही चुकीचा लावून दिला. दोष फोटो काढणाऱ्या बाईंचा नाही.

तिनं वाचलं. "आम्ही म्हणजे कोण?"

मी 'आम्ही' खोडून 'माझ्या काकांनी आणि मी' लिहिलं. काका म्हणाला, "मला काढ त्यातून. तुझं राहू दे." सख्खा काका! मी शिक्का मारला. कागद घडी करून ती निघाली. आभार मानले नाहीत, बरं केलं.

मी माझी हत्यारं पिशवीत भरली आणि निघताना मागे पाहिलं. काकानं मास्टर पुन्हा जागेवर आवळला होता. दारात नवं गिऱ्हाईक उभं होतं.

"ठेवा," काका त्याला म्हणाला, "मास्टरला लावून देतो."

"देऊ नका," मी म्हणालो, आणि त्या माणसाला हाताला धरून उन्हात घेऊन गेलो.