जंगलूचा हवेतला पाय

देवरीकडच्या आमच्या गावात मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दुपारी दंडारीचा नाच होतो. नाचणारा जसा रंगात येईल तसं वाजवणाऱ्यानं त्याच्यामागे जायचं, ही जुनी रीत. गेल्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष दुलीचंद यांनी प्रगती केली. वाजवणारे काढले, पेनड्राइव्ह आणला. नाचणाऱ्या जंगलूचा एक पाय हवेत असतानाच गाणं संपलं. तो पाय आता कुठं ठेवावा, हे बिचाऱ्याला बराच वेळ कळेना.

यंदा त्याची पोरगी खुशबू लॅपटॉप घेऊन आली. वाजवायचं सॉफ्टवेअर तिनं स्वतःच बनवलेलं.

"गाणे पेनड्राइव्हमंदी टाकून दे वं पोरी," दुलीचंद म्हणाले.

"भरून नाही आणले, काका. बाबाचे पाय पाहून इथंच बनवीन."

"कम्प्युटरच वाजवन, तू नुसती बसून राहशीन. लोकायले का समजन?"

"समजन. शाळेचा टीव्ही मांडा."

"एक चूक झाली का पेनड्राइव्ह लावतो, सांगून ठेवतो." तो त्यांच्या खिशातच होता. दसऱ्याला पूजलेला, कुंकवासकट.

टीव्हीवर खुशबूच्या लॅपटॉपचा पडदा दिसू लागला. त्यात बटणं नव्हती, आकडे नव्हते. धानाच्या बांध्या होत्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि मधे मातीचे धुरे. खुशबूनं बोटानं धुरा फोडला की निळं पाणी पुढच्या बांधीत उतरे आणि त्या बांधीचा आवाज सुरू होई. एकीत ढोलकी, एकीत बासरी, एकीत झांज. धुरा बांधला की आवाज बंद.

संगीत कोणाला किती कळलं ठाऊक नाही, पण पाण्याच्या बाबतीत आमचं गाव गप्प बसत नाही.

"झांजेची बांधी फुटली ना वं, बांध!"

"बासरीले पाणी कमी होऊन राहिलं!"

दुलीचंद तर उभेच राहिले. "कोपऱ्यातली कोरडी आहे! फोड धुरा!"

खुशबूनं कोपऱ्याकडे पाहिलंही नाही. ती नाचणाऱ्या बापाचे पाय पाहत होती. जंगलूनं एक पाय उचलला, आणि तिनं सगळे धुरे बांधून टाकले. सगळं चिडीचूप.

"चुकली! चुकली!" दुलीचंदांनी पेनड्राइव्ह बाहेर काढला.

जंगलूनं पाय तसाच हवेत ठेवला. सावकाश मिशीला पीळ दिला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, दुलीचंदांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग त्याच्या मनात आलं तेव्हा पाय जमिनीवर आपटला. त्याच क्षणी धुरा फुटला, ढोलकी कडाडली आणि मंडई उसळली.

गलक्यातही दुलीचंद ओरडत होते, "आता तरी कोपऱ्यातली फोड ना वं!"

"पेनड्राइव्हले सांगा, काका," खुशबू म्हणाली, आणि बासरीला पाणी सोडलं.