अकराव्या दिवशी

मास्तरांनी प्रुफावर पट्टी ठेवली आणि लाल पेन्सिलीने एक ऱ्हस्व वेलांटी दीर्घ केली. तेवढ्यात सून दारात आली.

"बाबा, एक बाई आल्यात. वाद घालायला आलेल्या दिसत नाहीत, प्रस्तावना लिहून मागायलाही नाही. बसवू इथेच?"

"बसव. चहा टाक."

बाई साठीच्या पुढच्या होत्या. खुर्चीवरचे कागद त्यांनी स्वतःच उचलून जमिनीवर नीट रचले आणि मग बसल्या. पिशवीतून त्यांनी मास्तरांचंच पुस्तक काढलं. पहिली आवृत्ती होती, पुठ्ठा दोऱ्याने शिवलेला.

कापडगिरणीतल्या एका संपाचा हा इतिहास लिहिला तेव्हा मास्तर सदतीस वर्षांचे होते. कॉलेजातली नोकरी एका निबंधापायी गेली होती. पक्षाचं सभासदत्व पुढे दुसऱ्या निबंधापायी गेलं. मग युनियनच्या अभ्यासवर्गांत शिकवून आणि भाषांतरं करून त्यांनी घर चालवलं. 'मास्तर' हे नाव त्या वर्गांतलंच. या पुस्तकात नायक नाही, कामगारवर्ग आहे, असं टीकाकारांनी लिहिलं होतं, आणि ते वाक्य मास्तरांना आवडलं होतं. आता पाचवी आवृत्ती निघत होती.

बाईंनी खूण घातलेलं पान उघडलं.

"'अकराव्या दिवशी बॉयलरवाला फाटकातून आत गेला आणि संपाला पहिलं भगदाड पडलं.' हे तुम्ही लिहिलंय. ते माझे वडील."

मास्तरांनी चष्मा काढला.

"संप समितीच्या इतिवृत्तात तसं आहे."

"समितीनेच पाठवलं होतं त्यांना. मालकाने नवखी माणसं आणून बॉयलर पेटवला होता. आतलं पाणी उतरत चाललं होतं. फुटला असता, तर भिंतीला लागून आमच्या घरांच्या चार रांगा होत्या. समितीचे सचिव स्वतः घरी आले. मी आठ वर्षांची होते, दारातच बसले होते. ते म्हणाले, जा, वाफ सोड, विस्तव विझव आणि परत ये. पण आम्ही पाठवलं असं म्हणू नकोस. समितीच माणूस आत पाठवते म्हटल्यावर उद्या शंभर जण जातील."

"मग?"

"मग काय! गेले, विझवून आले. फाटकावर लोकांनी पाहिलं. तीन दिवसांनी संप फुटला, आणि खापर फोडायला डोकं तयारच होतं. गिरणीने परत घेतलं नाही, कारण बॉयलर बंद पाडला. आपल्यांनी ओळख टाकली, कारण आत गेले. स्टोव्ह दुरुस्त करत आयुष्य काढलं त्यांनी. सचिवांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर एकच, वेळ आली की सांगू. आता सचिवही नाहीत."

सून चहा ठेवून गेली. मास्तरांनी कपाला हात लावला नाही. ते उठले, भिंतीजवळच्या टिपणांच्या कपाटाचा तिसरा खण ओढला आणि बराच वेळ कार्डं चाळत राहिले. एवढा वेळ लागायचं कारण नव्हतं. कार्डं तारखेनुसार लावलेली होती. शेवटी एक पिवळं पडलेलं कार्ड त्यांनी बाईंच्या हातात दिलं.

बाईंनी ते हात लांब करून वाचलं. 'सचिवांशी बोलणं. बॉयलरवाला समितीच्या सांगण्यावरून आत गेला. एका माणसाचा प्रश्न. चळवळीच्या दृष्टीने गौण. घेऊ नये.' खाली तारीख होती, पुस्तक छापलं गेलं त्याच्या आदल्या वर्षाची.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

बाईंनी कार्ड प्रुफांवर ठेवलं. त्यांनी चहा घेतला, अगदी शेवटपर्यंत. मग पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं.

"पुस्तक निघालं तेव्हा वडील होते. नऊ वर्षं होते त्यानंतर. हे त्यांनीच विकत आणलं होतं, पुठ्ठाही त्यांनीच शिवला. रोज थोडं थोडं करून सगळं वाचलं. मी म्हटलं, फाडून टाका. तर म्हणाले, कशाला? बाकी सगळं बरोबर लिहिलंय पोराने."

मास्तरांनी दाराशी जाऊन कार्ड पुन्हा पुढे केलं. बाई चपला घालत होत्या.

"कार्ड राहू दे तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या. "तुमच्या उपयोगाचं आहे."

दुपारी मास्तरांनी प्रकाशकाला फोन लावला. दोनशे बाराव्या पानावरचं एक वाक्य काढायचंय आणि खाली तळटीप घालायचीय, असं सांगितलं. प्रकाशक हळहळला. छपाईसाठी पानांची जुळणी होऊन गेली होती.

"शुद्धिपत्रात टाकूया ना मास्तर. मुद्रणदोष म्हणून. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"मुद्रणदोष नाही तो."

"बरं, नजरचूक म्हणू."

"नजरचूकही नाही. लिहून घे."

त्यांनी हकीकत चार वाक्यांत सांगितली. बॉयलरवाल्याचं पूर्ण नाव दोनदा उच्चारलं, अक्षरन् अक्षर सुटं करून. मग म्हणाले, "शेवटचं वाक्य. 'हे पुस्तक लिहिताना लेखकाला हे ठाऊक होतं.'"

पलीकडे पेन थांबल्यासारखं वाटलं. प्रकाशकाने त्यांची अकरा पुस्तकं काढली होती. त्यांची भाषा त्याला पाठ होती; तिच्यात 'मी' कधी नसायचा. तरीही त्याने विचारलं,

"'लेखकाला' ठेवू?"

स्वयंपाकघरात सून कप विसळत होती.

"नको," ते म्हणाले. "'मला' कर."